तलावावरचा कंडक्टर

मासे धरायला बसणाऱ्या माणसाला निदान बसता यायला हवे, असा माझा समज होता. काकांना बसता येत नसे.

ते माझे मोहाडीतले घरमालक. तीसएक वर्षे एस.टी.त कंडक्टर होते, त्यातली बरीचशी तुमसर-मोहाडी-भंडारा याच रस्त्यावर. चालत्या गाडीत पुढून मागे आणि मागून पुढे फिरण्यात आयुष्य गेलेले. निवृत्त झाल्यावर गाडी थांबली, पण काका थांबले नाहीत. ते घरातच फिरू लागले. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून नळापाशी, नळावरून जिन्यात. काकू सांगायच्या, "सुरवातीले तं एक डाव तुमसरच्या गाडीत तिकीट काढून बसले, अन् बसले कायचे, उठून लोकायलेच पुढं सरका म्हणाले लागले. ड्रायव्हर ओळखीचा होता. हात जोडून म्हणे, काका, तुमी बसा नं आता. तं हे खाप्यालेच उतरून गेले. पायी आले घरी."

मी बँकेत नुकतीच लागले होते आणि ही पहिलीच नेमणूक होती. काकांच्या घरातली वरची खोली मी घेतली आणि सुटकेस उघडली, पण रिकामी केली नाही. रोज लागतील तेवढे कपडे काढायचे, धुऊन परत त्यातच ठेवायचे. बदली लवकर होईल असे मी धरून चालले होते.

माझे शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये झाले. मराठी बोलायला मला अडचण नव्हती, बोलण्याचीच अडचण होती. काउंटरवरची माणसे म्हणायची, "मॅडम, जोरात बोला." आणि बाहेर पडले की गाव मला प्रश्न विचारायचे. कोणत्या गावची, बाबा काय करतात, एकटीच राहता का. प्रश्न विचारून लोक समोर उभे राहायचे, उत्तर मिळेपर्यंत. काका हा एकटाच माणूस असा होता की जो प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत निघून जायचा. "जेवली का?" हे जिन्यात ऐकू यायचे, मी "हो" म्हणेपर्यंत ते नळापाशी पोचलेले असायचे. "घरी फोन केला का?" एवढे म्हणून फाटकाबाहेर. मला ते फार सोयीचे होते.

एका रविवारी त्यांनी विचारले, "कोठी जातेस आज?"

"कुठे नाही," मी म्हटले. नेमके त्या दिवशी ते थांबले होते.

"मंग चाल. तुही स्कुटी हाय, माहा डबा हाय."

डबा म्हणजे त्यांची जुनी पत्र्याची पेटी. पूर्वी त्यात तिकिटे असत. आता गळ, दोरा, कणकेचा गोळा आणि झाकणाला भोके पाडलेली एक बरणी असे. गळ लावलेल्या काडीला तिकडे गरी म्हणतात. काकांची गरी साधी होती : एक लांब बांबूची काडी आणि तिच्या टोकाला बांधलेला दोरा. दोऱ्यावर जो तुकडा पाण्यावर तरंगतो आणि मासा लागला की बुडतो, तो त्यांनी जुन्या रबरी चपलेतून कापून लाल रंगवला होता. त्याला ते घंटी म्हणत. "घंटी वाजली की गाडी हलवाची."

तलाव गावाबाहेर होता, मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या काळातला. लांब, वाकडी मातीची पाळ, एका बाजूला कमळे, आणि दूरच्या टोकाला जादा पाणी वाहून जाण्याची सलंग. मासे ढीवरांच्या, म्हणजे तिथल्या कोळ्यांच्या सोसायटीचे. माशांचे बीज तेच टाकत, हिवाळ्यात मोठे जाळेही तेच ओढत. हौशी माणसे तिथे तीनच : काका, एक निवृत्त गुरुजी, आणि मेडिकलवाले, ज्यांचे औषधाचे दुकान बसस्टँडसमोर होते. गुरुजी सोसायटीचे अर्ज लिहून देत, म्हणून तिघांना परवानगी होती. फक्त रविवारी, माणशी एक गरी, पाळीवरूनच. आणि पावसाळ्यात एक कडक नियम : पिलांवर असलेल्या मरळीला गरी टाकायची नाही. नियम मोडला की परवानगी गेली.

हा नियम मला काकांनीच पहिल्या दिवशी समजावला, पायरीवर उभे राहू नका हे सांगावे तशा आवाजात. पाण्यावर एक नारिंगी डाग दाखवला. जवळून पाहिले तर ती हजारो बारीक पिले होती, एकदम वर येऊन एकदम खाली जाणारी. पाऊस नसताना तेवढ्याच जागी पाऊस पडतो आहे असे वाटत होते.

"खाली मायबाप असते," काका म्हणाले. "मरळ पिलायले सोडत नाही. त्याच्यात बेडूक टाकला तं भूक नसली तरी चावते. रागानं. लहान लेकरूबी धरन तिले. ते काही मासे धरनं नोहोय."

गुरुजी आणि मेडिकलवाले मोहाच्या झाडाखाली चादर टाकून दुपारपर्यंत हलत नसत. काका दहा मिनिटांत उठत. त्यांनी पाळीवरच्या जागांना आपल्या रस्त्यावरच्या गावांची नावे दिली होती. मोहाचे झाड म्हणजे तुमसर. पुढे खापा, मग मोहाडी, कमळांजवळ वरठी, आणि सलंगीवर भंडारा. डब्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "चला, खापा!"

"आमचं तिकीट तुमसरचंच हाय," गुरुजी चादरीवरून म्हणत.

"कंडक्टर, मासा तुमच्या गाडीत चढन कसा?" मेडिकलवाले म्हणत. त्यांची गरी ऑनलाइन मागवलेली, चाकवाली होती. "तुमी स्टॉपवर थांबूनच नाही राहिले."

"तुमच्या चाकाच्या आवाजानं चढलेला मासाबी उतरून जाते," काका जाता जाता म्हणत.

त्यांच्याबरोबर उठत असे ती फक्त मी. दोघांच्या गप्पांत बसून राहण्यापेक्षा डबा घेऊन चालणे मला बरे वाटे. तरी कोणी बोलवू नये म्हणून मी कानात इअरफोन घालून ठेवत असे. तिसऱ्या-चौथ्या रविवारी काका वरठीला पोचता पोचता म्हणाले, "त्याच्यात काही वाजत नाही नं?" मी उत्तर शोधत होते तोवर ते पुढे गेले होते. त्यांनी हे कोणाला सांगितले नाही. मीही इअरफोन काढले नाहीत.

मासे सर्वांत कमी काकांनाच मिळत. त्याचे त्यांना काही वाटत नसे, कारण त्यांना एकच मासा हवा होता. वरठीच्या कमळांत एक जुनी मरळ होती. मरळ पाण्यात असली तरी तिला श्वास घ्यायला वर यावे लागते. तशी ती वर आलेली त्यांनी नऊ वर्षांपूर्वी पाहिली होती. एकदा तिने त्यांचा दोरा तोडला होता. ती केवढी होती हे सांगताना ते दोन्ही हात पसरत, आणि गुरुजी म्हणत, "गेल्या साली चार बोटं कमी होती जी." मग काका हात आणखी चार बोटे लांब करत.

मग एका रविवारी सकाळीच मेडिकलवाल्यांना मोठी रोहू लागली. ते इतके खूश होते की थांबेनात. "कंडक्टर, एक विचारू का? ती मरळ खरंच हाय का? का काकूपासून सुटाचा बहाना हाय?"

गुरुजी हसले. मग काकांचा चेहरा पाहून हसायचे थांबले, पण जरा उशिरा.

काकांनी टकटक केली नाही. डबा स्वतःच उचलला आणि सरळ वरठीला गेले. मी मागे होते. कमळांच्या अलीकडे पाण्यावर तो नारिंगी पाऊस पडत होता. आम्ही पाहत असतानाच पिलांच्या मधोमध एक डोके वर आले, काळे, रुंद, आणि पाणी न उडवता खाली गेले. काका जागच्या जागी उभे राहिले. मी त्यांना एवढा वेळ उभे राहिलेले त्यापूर्वी पाहिले नव्हते.

मग त्यांनी डबा उघडला आणि बरणीतला बेडूक काढला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला सगळे समजले होते. पाळीवर मला एवढाच एक नियम माहीत होता. माझ्या कानात इअरफोन होते, आणि मी मान खाली घालून फोनकडे पाहू लागले. फोन बंद होता.

पाणी फुटल्याचा आवाज आला. वर पाहिले तेव्हा बांबू कमानीसारखा वाकला होता. टोक मोडले आणि दोरा घंटीसकट पाण्यात गेला. काका हातातल्या काडीकडे पाहत होते. तुमसरहून गुरुजींनी हाक मारली, "काय झालं हो?"

"काही नाही," काका म्हणाले. "गवतात अडकली."

मीही काही बोलले नाही. म्हणजे खोटे आम्ही दोघे बोललो.

अर्ध्या तासाने घंटी वर आली. पिलांच्या शेजारी. पिले सरकली की तीही सरके, पिले थांबली की थांबे. तोंडात गळ अडकलेली मरळ परत येऊन पिलांवर उभी होती, आणि वर पाण्यावर तो चपलेचा लाल तुकडा तिची जागा सगळ्यांना दाखवत होता.

"कंडक्टर, तुमची घंटी कोठी चालली?" असे म्हणत गुरुजी पाळीवरून आले, पाण्याकडे पाहिले, आणि थबकले. मेडिकलवालेही आले.

"दोरा कमळाच्या देठात गुंतला तं तिले वर येता येनार नाही," गुरुजी म्हणाले. "बुडून मरन." मासा पाण्यात बुडून मरू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

"काढाले डोंगा लागते," मेडिकलवाले म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "डोंगा सोसायटीचा. डोंगा मांगाले गेलो तं कायले पाहिजे ते सांगा लागन. परवानगी तिघायचीबी जाईन."

"आपली आप सुटन," गुरुजी म्हणाले, पण स्वतःला पटल्यासारखे नाही.

काका फिरू लागले. वरठीहून भंडारा, भंडाऱ्याहून वरठी. दोनदा "मी जातो" म्हणून गावाकडे वळले आणि दोन्ही वेळा पंधरा-वीस पावलांवरून परत आले. "मीच नियम सांगत होतो नं जी सगळ्यायले," एवढेच एकदा म्हणाले, कोणाकडे न बघता. घंटी कमळांकडे सरकली, अडकली, पाण्याखाली ओढली गेली. बऱ्याच वेळाने ती परत वर आली.

मी उठले. इअरफोन काढून खिशात ठेवले आणि ढीवरांच्या वस्तीकडे चालू लागले. कुठे जातेस, असे कोणी विचारले नाही.

सोसायटीचे अध्यक्ष ओसरीत जाळे शिवत होते. बँकेत मी त्यांना पाहिले होते. फारसे न बोलणारा माणूस. मी समोर उभी राहिले. त्यांनी मला "जोरात बोला" म्हटले नाही. सुई थांबवली आणि वाट पाहिली.

"काकांनी पिलांवरच्या मरळीला गरी टाकली," मी म्हटले. "काडी मोडली. गळ तिच्या तोंडात आहे आणि ती पिलांजवळच फिरतेय. त्यांनी बेडूक काढला तेव्हा मी तिथेच होते. मला नियम माहीत होता. मी काही बोलले नाही. डोंगा पाहिजे."

त्या गावात एका दमात मी एवढे कधीच बोलले नव्हते.

"बोलता तं येते तुले," ते म्हणाले. "मंग तवा काहून नाही बोलली?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. पक्कड घेतली आणि निघाले.

डोंगा म्हणजे कोरलेले लाकूड, दोन माणसांपुरते. अध्यक्षांनी काकांना पुढे बसायला सांगितले. "हालाचं नाही. हे एस.टी. नोहोय. तुमी हाल्ले का दोघंबी पाण्यात." काका बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. डोंगा जवळ गेला की घंटी पळायची. मग थांबायचे, ती परत पिलांकडे येईपर्यंत. असे किती वेळा झाले कोणास ठाऊक. ऊन चढले. काकांच्या पाठीला सदरा चिकटला होता आणि ती पाठ हलत नव्हती. गुरुजींनी माझ्या शेजारी उभे राहून हळूच म्हटले, "मले पाहवत नाही हो."

शेवटी घंटी काकांच्या हाताशी आली. त्यांनी ती धरली, दोरा हळूहळू ओढत डोंग्याच्या कडेला आणला आणि दोन्ही हात पाण्यात घातले. अध्यक्ष वाकले. पकडीचा एक आवाज झाला. मरळ लगेच गेली नाही. काकांच्या हातात तशीच राहिली, थकलेली, थोडा वेळ. मग हात रिकामे झाले, आणि कमळांच्या अलीकडे पिलांचा डाग एकदम खाली जाऊन पुन्हा वर आला.

ती केवढी होती हे काकांनी त्यानंतर कोणाला सांगितले नाही. ते हात मी पुन्हा कधी पसरलेले पाहिले नाहीत.

काठावर येऊन अध्यक्षांनी पक्कड धोतराला पुसली. "गुरुजी, मेडिकल, तुमची चालू. कंडक्टर, तुमची गरी पुढच्या पावसापर्यंत बंद." मग माझ्याकडे हात केला. "कंडक्टरची गरी हिच्या हाती द्या. नुसतं पाहतच बसते, तं कामानं पाहू दे."

पुढचे वर्षभर काका तलावावर आले आणि बसले. मोहाच्या झाडाखाली, चादरीच्या कोपऱ्यावर, रिकाम्या हातांनी. मी त्यांची दुरुस्त केलेली बांबूची काडी घेऊन जवळच असे. मला मासा लागत नसे, ते काही सांगत नसत. पिलांचा रंग नारिंगीचा मातकट झाला, मग काळसर. डागाचे दोन झाले, चार झाले, आणि एका रविवारी एकही नव्हता. मी येऊन सांगितले. "मोठे झाले असन," ते म्हणाले.

"कंडक्टर, आज वरठी नाही का?" गुरुजी विचारत.

"बसा नं जी."

मेडिकलवाल्यांनी चाकाला तेल घातले, आवाज बंद केला. तेही काकांच्या लक्षात आले नाही. घरी काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "चुपचाप बसून राहते हो एका जागी. पहिले फिरत तं जीव खात होते माहा, आता मले भेव वाटते."

मला वेगळीच अडचण झाली. काका जिन्यात विचारत, "जेवली का?" आणि उभे राहत. मी "हो" म्हणे, तरी उभे. मग काय केले होते ते सांगावे लागे. भात उरला का, घरी आई काय म्हणते, सगळे. सांगता सांगता कधीतरी मी सुटकेस रिकामी केली आणि कपडे कपाटात लावले. पण स्वस्थता नव्हती. ज्या घरात कोणी फिरत नाही तिथे मीच रात्री खोलीत येरझाऱ्या घालू लागले होते.

पुढच्या पावसात तलाव भरला. एका रविवारी अध्यक्ष पाळीवरून चालत आले, पाण्याकडे पाहिले आणि जाता जाता म्हणाले, "कंडक्टर, गरी कोठी हाय तुमची?"

मी काडी पुढे केली. काकांनी डब्यातली घंटी दोऱ्याला बांधली, तीच जुनी, रंग उडालेली. गरी टाकली आणि बसले.

गुरुजींनी मनगट वळवून घड्याळ पाहिले. पाच मिनिटे. सात. मेडिकलवाल्यांचा हात चाकावर थांबला. दहा झाली. काका बसलेलेच. गुरुजी माझ्याकडे बघत होते आणि मी पाण्याकडे.

टकटक.

"चला," काका उठत म्हणाले. "इथी काही दम नाही. खापा!"

गुरुजी इतक्या वर्षांत त्या चादरीवरून उठले नव्हते. त्यांनी चादर गोळा केली, काखेत मारली. "चला बापा, काढा तिकीट." मेडिकलवालेही चाकवाली गरी गुंडाळून मागे निघाले. खाप्याला दहा मिनिटे, मोहाडीला दहा मिनिटे. वरठी आली तेव्हा कमळांत काहीतरी हलले. काकांनी तिकडे पाहिले आणि चालत राहिले.

"वरठीला नाही थांबायचं?" मी विचारले.

"वरठीले आता गाडी थांबत नाही."

माझ्या बदलीचा आदेश शुक्रवारीच आला होता. दोन दिवस मी तो पर्समध्ये घेऊन फिरत होते. आता म्हटले, "काका, माझी बदली झाली."

"कोठी?" ते म्हणाले, आणि डबा काखेत घेऊन तरातरा सलंगीकडे निघूनही गेले.

त्यांच्या पाठीमागे मी ओरडून सांगितले, "नागपूरला!" पलीकडच्या काठावर जाळे झटकणाऱ्या माणसांनीही वळून पाहिले.